पाच खाली, एक वर

उभ्या आयुष्यात मी पगारी नोकरी एकच केली, आणि तीही तोक्योत. काम काय, तर मंगळवारी कोंबडीच्या रश्शात पिठाचे तुकडे तोडून सोडायचे आणि बाकीचे दिवस मालकीणबाई सांगतील ते चिरायचं. ठाण्याला परत आल्यावर कुणी विचारलं, की आमचे हे घाईघाईने "ती केटरिंगमध्ये होती" असं सांगून मोकळे व्हायचे. मी मागून दुरुस्ती करायची, "डब्याच्या दुकानात होते हो. कांदे सोलायला." मला त्या कामाची कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती तिथल्या एका दिवसाची, आणि तो दिवस मी आजवर कुणाला धड सांगितलेला नाही. आता सत्तरी उलटली. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा म्हटलं, लिहायचं तर तेच लिहू.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर यांच्या कंपनीने यांना तीन वर्षांसाठी तिकडे पाठवलं. राहायला कोतो भागात घर मिळालं. खाली कालवा, पलीकडे गोदामं. आपली माणसं त्या काळी तिथे बोटांवर मोजण्याइतकीच होती. हे ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. एक दिवस कालव्याच्या पुलाजवळच्या डब्याच्या दुकानात काचेवर कागद दिसला, 'मदतनीस पाहिजे'. तेवढी अक्षरं मला तोवर वाचता येत होती. अर्धवेळ कामाला तिकडे अरुबाइतो म्हणतात. त्याची परवानगी काढली, ॲप्रन बांधला आणि डोक्याला फडकं गुंडाळून उभी राहिले.

मालकीण होसोदा-सान. साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. मला त्या 'पातोका-सान' म्हणायच्या, पाटकरचं त्यांच्या तोंडात तेवढंच मावायचं. त्यांच्या दुकानाचा खरा व्यवसाय काचेमागे मांडलेल्या डब्यांचा नव्हता. पुलापलीकडे सरकारी घरांच्या पाच मजली जुन्या चाळी होत्या, लिफ्ट नसलेल्या. तिथे एकेकटी म्हातारी माणसं राहत. अशा सतरा-अठरा घरी दुपारचं जेवण पोचवायचं, हे आमचं मुख्य काम.

मंगळवारचं जेवण म्हणजे कोंबडीचा पांढरा रस्सा आणि त्यात पिठाचे तुकडे. आपल्या वरणफळांची चुलत बहीण म्हणा. कोंबडीची हाडं आलं आणि जाड कांद्याची पात घालून मंद आचेवर तास-दीड तास उकळायची, वर येणारा फेस सारखा काढत राहायचा. मग मांस, मुळा, गाजर. गव्हाचं पीठ कोमट पाण्यात सैलसर मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. नंतर बोटं ओली करून एकेक तुकडा तोडायचा, अंगठ्याने मधोमध दाबायचा आणि थेट उकळीत सोडायचा. दाबल्यामुळे तो आतपर्यंत शिजतो. तरंगून वर आला की झाला. युद्धाच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा लोकांनी नुसत्या मिठाच्या पाण्यात हेच तुकडे उकळून खाल्ले होते. "कोंबडी नंतर आली," होसोदा-सान म्हणायच्या. त्या पिढीला हे जेवण आवडायचंही आणि नकोही व्हायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "तुकडे वेडेवाकडेच हवेत. गोल करायचे नाहीत. कधीच नाही."

"का?" मी विचारलं.

"नाही करायचे," त्या म्हणाल्या आणि मुळा किसायला लागल्या.

मला ते मनातून लागलं. माझा हात मोदकाचा. एकवीस कळ्यांचा मोदक मी डोळे मिटून वळते, आणि इथे मला पीठ फेकल्यासारखं टाकायला लावतात! आमच्या घरी, रेवदंड्याला, आई कोंबडीच्या रश्शाबरोबर तांदळाच्या उकडीचे गोळे करायची. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. कधीतरी या बाईला आपला हात दाखवू, असं मी ठरवून ठेवलं होतं. गर्व असतो तो असा, पिठातसुद्धा.

घरपोच कामातली एक मेख सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक घराच्या लोखंडी दाराशेजारी दुधाच्या बाटल्यांसाठी लाकडी पेटी असे. जेवण तिच्यावर ठेवायचं आणि कालची रिकामी भांडी तिथूनच उचलायची. रिकामं भांडं दिसलं, म्हणजे आतलं माणूस जेवलं. जेवलं, म्हणजे आहे. भरलेलं भांडं तसंच दिसलं, तर बेल वाजवायची, मग हाक मारायची, आणि तरी उत्तर आलं नाही तर होसोदा-सानना फोन करायचा. मी होते तोवर तीनदा फोन करावा लागला. दोनदा माणूस नुसतं झोपलेलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर चिठ्ठीवर शेरे लिहून भांड्यात ठेवत, 'गाजर कच्चे', 'मीठ ठीक'. एक बाई गाजराचे तुकडे खात नसत, पण लहानमोठे लावून परत पाठवत. आणि चौथ्या मजल्याच्या टोकाला ओनुमा पतिपत्नी. अख्ख्या चाळीत आमच्याकडची जोडी तेवढी एकच. दोन वाडगे जायचे, दोन यायचे. ओनुमा-सान उंच, वाकलेले, ऐंशीच्या आसपासचे. बायको अंथरुणाला खिळलेली. मी तिला कधीच पाहिलं नाही. दारातून फक्त त्यांचा आवाज ऐकू यायचा, "किमिए, जेवण आलं बरं का," आणि मग ती काहीतरी बोलायची.

भांडं रिकामं परत करू नये हा आपला रिवाज. मला वाटायचं तो आपलाच. पण ओनुमा-सानही परतीच्या वाडग्यात काहीतरी घालत. एकात एखादं संत्रं, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेली गोळी. मला माहेरच्या शेजारणी आठवायच्या आणि त्या दारापाशी उगाच बरं वाटायचं.

फेब्रुवारी लागला तसं त्या दारापाशी काहीतरी बदललं. एकदम नाही. आधी गार वारा यायला लागला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि त्या दाराखालच्या फटीतून तिच्याहून गार झोत, जणू आत खिडक्या सताड उघड्या होत्या. मग उदबत्तीचा वास. आत ओनुमा-सानचं बोलणं चालूच होतं, "किमिए, आज मंगळवार," असं म्हणून ते थांबायचे. बायकोने उत्तर द्यावं एवढा वेळ थांबायचे आणि मग "हो ना" म्हणायचे. उत्तर मला ऐकू यायचं नाही. म्हटलं, आवाज खोल गेला असेल बिचारीचा.

वाडगे दोन्ही रिकामे, लख्ख धुतलेले. एकात नेहमीचं संत्रं. दुसऱ्यात मात्र गोळी येईनाशी झाली. एक दिवस दोऱ्याचं रीळ आलं, निळं, अर्धं संपलेलं. दुसऱ्या दिवशी शिवणकामाचं अंगठीसारखं टोपण, बोटात घालायचं. मग एक गुंडी, शिंपल्याची. मला कौतुक वाटलं. म्हटलं, घरातलं गोड संपलं असेल, तर म्हातारा सापडेल ते देतोय.

सोमवारी वाडग्यात चष्मा निघाला. बायकी, बारीक सोनेरी काडीचा, काचा पुसून ठेवलेला. तो हातात धरून मी जिन्यात उभी राहिले. बाई अंथरुणात असली म्हणून काय झालं, तिला चष्मा लागणार नाही? मी परत जाऊन बेल वाजवायला हवी होती. तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. बाईचा, कोरडा, दोनदा. मी तो ऐकला, हे मी आजही कुठल्याही देवासमोर सांगेन. मी निश्चिंत मनाने जिना उतरले.

त्याच संध्याकाळी होसोदा-सानचा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्या दवाखान्यात आणि रस्सा माझ्या एकटीच्या हाती. दुकानातल्या बाकीच्या दोघी मदतनीस भात आणि भाज्या बघत होत्या. मी तांदळाची पिठी काढली. उकड काढली, तुपाचा हात लावून मळली आणि आईसारखे गोळे वळले, एकही वर-खाली नाही. उकडीचे गोळे रश्शात फार वेळ राहिले तर पिठूळ होतात, म्हणून वाफवून वेगळ्या पांढऱ्या वाट्यांत भरले. ऐन वेळी प्रत्येकाने रश्शात सोडून घ्यावेत. प्रत्येक वाटीत सहा बसत होते, पाच खाली गोल आणि त्यांच्यावर मधोमध एक. इतकं देखणं दिसत होतं, की त्या दोघींना मी बोलावून दाखवलं. दोघी बघत राहिल्या. एक म्हणाली, "पातोका-सान, हे..." आणि मग म्हणाली, "सुरेख आहे." जपानमध्ये इतके दिवस काढून मला एवढं कळायला हवं होतं, की 'सुरेख' म्हणण्याआधी कुणी इतकं थांबलं तर हातातलं खाली ठेवावं.

बुधवारी मी रिकामी भांडी उचलायला गेले. पहिल्या दारापाशी वाडगा रिकामा, पण वाटी जशीच्या तशी. पाच खाली, एक वर. वरून स्वच्छ कागद झाकलेला. दुसऱ्या दारापाशी तेच. तिसऱ्या, चौथ्या. कुणी एका गोळ्यालाही बोट लावलेलं नव्हतं. मास्तरांची चिठ्ठी होती, 'मला अजून वेळ आहे.' अर्थ कळला नाही. चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घातली. दर जिन्याला माझ्या हातातल्या करंडीत त्या पांढऱ्या वाट्या वाढत गेल्या. तशीच चौथ्या मजल्यावर पोचले.

ओनुमा-सानचं दार उघडं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आतून गार वारा सरळ अंगावर आला. ते ओव्हरकोट घालून उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसले होते, माझीच वाट पाहत असल्यासारखे. मला बघून त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

"पातोका-सान," ते म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुणालाच सांगितलं नव्हतं मी. मला पीठ मळता येत नाही. ते कुणीतरी करावं लागतं, त्याशिवाय सुरुवात होत नाही. बारा दिवस झाले. तुम्ही केलंत." मग ते डोकं वर न करता म्हणाले, "आणि दोघांचंही आणलंत. एक तिचं, एक माझं. तेही बरोबरच आहे."

त्यांच्या खांद्यावरून मला आतली खोली दिसली. खिडकी उघडी, पडदा हलतोय. जमिनीवर अंथरूण आणि तोंडावर पांढरं फडकं. उशाशी उदबत्ती आणि माझ्या दोन वाट्या शेजारी शेजारी. पाच खाली, एक वर.

"क्षणभर आत या," ते म्हणाले. "नुसतं बसा."

वाचकहो, मी पळाले. करंडी तिथेच टाकली, चार मजले उतरले आणि पूल ओलांडून थेट घरी आले. दुकानात निरोप दिला की बरं वाटत नाहीये. एका माणसाने मला फक्त बसायला सांगितलं होतं.

हे घरी आल्यावर सगळं सांगितलं. हे घाबरले, आणि हे घाबरले की यांचं इंग्लिश वाढायचं. "हे बघ, तू काहीही पाहिलेलं नाहीस. पोलिस एन्क्वायरी झाली तर तुझं परमिट, माझा व्हिसा, ऑफिसात कुणाकुणाला एक्स्प्लेन करू मी? सकाळी तुझ्या होसोदा-सानना सांग. त्या हँडल करतील." बोलणं चुकीचं नव्हतं. फोन भिंतीवर माझ्यापासून चार पावलांवर होता आणि होसोदा-सान काही दवाखान्यात राहिल्या नव्हत्या, घरी होत्या. यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं, पण उचलला नाही तो मी.

गुरुवारी सकाळी होसोदा-सान काठी टेकत कामावर आल्या. मी सांगितलं. त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मला खुर्चीवर बसवलं.

"आमच्यात माणूस गेलं की पहिलं काम तेच," त्या म्हणाल्या. "तांदळाच्या पिठीचे पांढरे गोल गोळे करून उशाशी ठेवायचे. सहा. पाच खाली, एक वर. पुढच्या वाटेची शिदोरी. म्हणून जेवणाच्या दुकानात गोल करत नाहीत. मी तुला करू नकोस म्हटलं, का ते नाही सांगितलं. दुकानात तो शब्द काढायचा नसतो. माझंही चुकलं."

मी ज्यांना ज्यांना जेवण म्हणून दिलं होतं, त्या अठरा म्हाताऱ्यांच्या दारात मी काय ठेवून आले होते, ते मला तेव्हा कळलं. आपल्यात नाही का पिंड? पण रश्शात कोंबडी असली की पिंड कुणाला आठवतो!

"त्यांनी 'दोघांचं' म्हटलं?" होसोदा-साननी पुन्हा विचारलं. "नक्की तसंच?"

मी मान हलवली. त्यांनी रस्सा थर्मासमध्ये भरला आणि सुजलेल्या गुडघ्याने माझ्यापुढे चार मजले चढल्या. दर कठड्याला थांबून दम घ्यायच्या, पण मला पुढे जाऊ देत नव्हत्या. मला खात्री होती, की आत आता दोन अंथरुणं असतील.

दार तसंच उघडं होतं. ओनुमा-सान बायकोच्या उशाशी बसले होते. ओव्हरकोट नव्हता. काळा सूट, काळा टाय, केस पाणी लावून विंचरलेले. ओठ निळे पडले होते. आमच्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "काल दुपारपासून तयार आहे. पातोका-सान माणसं आणायला गेल्यात, असं वाटलं." मंगळवारपासून त्यांनी अन्नाचा कण घेतला नव्हता. शिदोरी मिळालेल्या माणसाने जेवायचं कशाला?

होसोदा-सान आत गेल्या. बाईंना नमस्कार केला, नवी उदबत्ती लावली, खिडकी अर्धी लोटली. मग उशाजवळच्या दोन वाट्यांपैकी एक उचलली. वरचा गोळा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"खा," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांचा, कडक, बर्फासारखा गार. त्या खोलीत, त्या अंथरुणापाशी उभी राहून मी तो चावला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. तोवर त्यांनी उरलेल्या पाचांवर थर्मासमधला कढत रस्सा ओतला होता आणि वाटी ओनुमा-सानच्या हातात दिली होती.

"ओनुमा-सान, ही तुमची. मोजा. पाच आहेत. पाच म्हणजे नुसतं जेवण. जेवा."

त्यांनी खरंच मोजले. जेवायच्या काडीच्या टोकाने एकेकाला स्पर्श करून मोजले. मग पहिला तोंडात घातला आणि मोठ्याने, लहान मुलासारखे रडायला लागले. होसोदा-सान त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मीही बसले. एक दिवस उशिरा बसले.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. डॉक्टर आले, पोलिस आले. बाई झोपेतच गेल्या होत्या, हृदय थांबून. पोलिसांनी मला दोन प्रश्न विचारले आणि आभार मानले. व्हिसाचं नावही कुणी काढलं नाही. ओनुमा-सान इचिकावाला पुतण्याकडे गेले. एकोणपन्नास दिवसांनी, त्यांच्यातलं सुतक फिटल्यावर, त्यांनी माझ्या दोन्ही वाट्या दुकानात पाठवल्या. दोन्ही धुतलेल्या आणि पहिल्यांदाच रिकाम्या. रीळ, टोपण, गुंडी आणि चष्मा मी त्यांच्या पुतण्याकडे दिला होता. टोपण मात्र त्यांनी मलाच परत दिलं. गेलेल्या माणसाच्या वस्तू जवळच्यांत वाटायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि वाटायला त्यांच्याजवळ रोज दारात येणारी एक मीच होते. तो खोकला कुणाचा होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आमच्या यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना माझ्या आईच्या हातचे गोळे फार आवडायचे आणि नंतर माझ्या हातचे. लेक फोनवर म्हणते, "आई, एकटीसाठी एवढा घाट कशाला घालतेस?" ती समजते तितकी मी एकटीसाठी करत नाही. रविवारी कोंबडी आणते, उकड काढते, गोळे वळते. दोन वाट्या घेते. यांच्या वाटीत पाच खाली मांडते, गोल. सहावा हातात असतो. वरची जागा रिकामी दिसत असते, आणि तो तिथे ठेवला की काय कबूल करावं लागेल, ते मला ठाऊक आहे.

तो सहावा मी माझ्या वाटीत घालते आणि म्हणते, "अहो, जेवण आलं बरं का." मग थोडी थांबते.